बारावा आटा

“अकरा झाले,” चावीवाला म्हणाला आणि पान्याच्या आडव्या दांड्यावरून त्यानं दोन्ही हात काढून घेतले.

“मला मोजता येतं, मामा. पुढचा फिरवा,” इंजिनीअर मॅडम म्हणाल्या.

“पुढचा नसतो.”

“नसतो कसा? चावी बावीस आट्यांची आहे. नकाशावर लिहिलंय.”

“नकाशावर असतील बावीस. माझ्या हातात अकराच आहेत.”

सकाळचे नऊ वाजले होते. टेकडीच्या पायथ्याशी जिथं एक रस्ता वर बंगल्यांकडे चढतो आणि दुसरा खाली गावात उतरतो, तिथं रस्त्याच्या मधोमध चेंबरचं लोखंडी झाकण उघडून बाजूला सरकवलेलं होतं. चेंबरच्या तळाशी खालच्या गावाचं पाणी सोडायची मोठी चावी होती आणि तिच्या डोक्यावर चावीवाल्याचा छातीएवढा उंच पाना उभा होता. उतारावर दीड-दोनशे माणसं जमली होती. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या काखेत गाठोडं, एका म्हातारीला तर खुर्चीसकट उचलून आणलेलं. हा सगळा गोतावळा चावीवाल्यानंच घराबाहेर काढला होता. मोठा पाइप गावात शिरतो तो चाळीस घरांच्या एका रांगेखालून जातो. त्यातलं सतरावं घर त्याचं स्वतःचं. घरं रिकामी झाल्याशिवाय मी पान्याला हात लावणार नाही, असं त्यानं मॅडमना निक्षून सांगितलं होतं आणि सकाळी सहापासून दारं ठोठावत तो फिरला होता.

गर्दीत त्याची बायको होती. कमरेला पट्टा बांधून, हातात घराची कागदपत्रं ठेवलेली पिशवी घट्ट धरून ती उभी होती. नवऱ्यानं इतक्या वर्षांत तिला घाईघाईनं कुठं नेलं नव्हतं, आज नेलं ते घराबाहेर.

चावीवाल्याचं काम सांगायला सोपं आहे. सकाळी पावणेसहाला गावाची चावी अकरा आटे उघडायची आणि सात वाजता बंद करायची. तेवढ्या सव्वा तासात खालच्या गावाला करंगळीएवढ्या धारेनं जे मिळेल ते पाणी. वरच्या बंगल्यांची चावी मात्र कधी बंद करायची नाही. तिला झाकणही वेगळं, तेलपाणीही वेगळं. चावीवाल्यानं हे काम एकतीस वर्षं केलं होतं आणि त्याआधी त्याच्या वडिलांनी पस्तीस. खालच्या गावातली पोरं त्याला ‘अकरामामा’ म्हणायची. तो चिडायचा नाही. आपला नेमका हात कुणाच्या तरी लक्षात आलाय, याचं त्याला मनातून बरंच वाटायचं.

टेकडीवरचे बंगले, ती चावी आणि ते पाइप सगळं गोऱ्या साहेबांच्या वेळचं. साठेक वर्षांपूर्वी साहेबलोक सामानसुमान बांधून बोटीत बसले आणि आपल्या देशी गेले. त्यांच्या बंगल्यांत मग आपले साहेब राहायला आले. पाट्या बदलल्या, भिंतींचा रंग बदलला, फाटकावर उभा राहणारा पहारेकरी तेवढा तसाच राहिला. खाली गावात त्या दिवशी लोक आनंदानं रस्त्यावर आले होते म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला चावीवाल्याच्या वडिलांनी नेहमीसारखे अकरा आटे उघडले. दुसरं काही करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पण आजची गोष्ट वेगळी होती. खालच्या गावात नऊ दिवसांपासून जुलाब-उलट्यांची साथ होती. दवाखान्यातल्या खाटा संपल्या, मग व्हरांडा संपला. चार लहान मुलं गेली होती. चावीवाल्याची नात, थोरल्या मुलीची मुलगी, तीन दिवसांपासून सलाइनवर होती. आठ वर्षांची पोर, तिसऱ्या दिवशी आजोबांना ओळखताना तिला डोळे बारीक करून बघावं लागलं होतं.

मॅडमना नोकरीला लागून आठ महिने झाले होते. त्यांनी पाण्याचे नमुने काढले, नकाशे पसरले आणि काल संध्याकाळी चावीवाल्याला बोलावून सरळच सांगितलं, “मामा, पाइपात दाबच नाहीये. पाणी बंद झालं की रिकामा पाइप गटाराचं पाणी सांध्यांतून आत ओढतो. सकाळी तेच लोकांच्या हंड्यात. चावी पूर्ण उघडून ठेवली तर बाहेरचं आत येणार नाही.”

“पाइप फुटेल,” चावीवाला म्हणाला होता.

“कशावरून?”

“फुटलाय आधी.”

आणि मग त्यानं त्यांना ती गोष्ट सांगितली. खालच्या गावातल्या प्रत्येकाला ती तोंडपाठ होती. वडिलांच्या आधी जो चावीवाला होता, त्याला एकदा गावाची दया आली आणि त्यानं बारावा आटा फिरवला. पाइप फुटला. रात्रीतून दोन घरं बसली, एक आई आणि तिची दोन लेकरं गाडली गेली. चावीवाल्याला नोकरीवर लागायच्या आदल्या दिवशी वडिलांनी समोर बसवून हे सांगितलं होतं. सांगताना ते त्याच्याकडे बघत नव्हते. “अकरा म्हणजे अकरा. समोर स्वतःची आई तहानेनं मरत असली तरी अकरा,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. त्यानंतर एकतीस वर्षं चावीवाला रोज सकाळी ती आई आणि ती दोन लेकरं डोळ्यांपुढे आणून अकराव्या आट्याला थांबत आला होता.

“लेखी द्या,” आता तो म्हणाला.

मॅडमनी वहीतला कागद फाडला, गुडघ्यावर ठेवून लिहिला, सही केली. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

“अजून एक ओळ लिहा. चावीवाला नको म्हणत होता, तरी फिरवायला लावलं.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग कागद परत घेऊन तीही ओळ लिहिली.

“आता?”

आता काही उरलं नव्हतं. त्यानं खाली उतारावर बायकोकडे पाहिलं. तळहात पॅंटला पुसले, दांडा धरला आणि पान्याभोवती पाऊल टाकलं. चावी हलली नाही. इतक्या वर्षांत ती या जागेच्या पुढे गेलीच नव्हती आणि गंजानं तिचे पाय तिथं पक्के केले होते. त्यानं सगळं अंग दांड्यावर टाकलं. खालून दात खाल्ल्यासारखा आवाज आला, पाना एकदम सुटला आणि तो धडपडत पूर्ण फेरा पुढे गेला. गर्दीतून एक बाई किंचाळली.

“बारा,” मॅडम म्हणाल्या.

पाइपात घरघर सुरू झाली होती. ती चावीवाल्याच्या पायांतून वर चढत होती, गुडघ्यांत कळत होती.

“तेरा.”

“थांबा जरा, मॅडम.”

“आवाज हवेचा आहे. बाहेर पडतेय हवा. फिरवा.”

चौदा. पंधरा. तो मनातल्या मनात मोजत नव्हता, अकराच्या पुढचे आकडे त्याला पान्यावर मोजायची सवयच नव्हती. मॅडम म्हणतील तो आकडा खरा. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. सोळावा अर्धा झाला आणि खाली, शिंप्याच्या दुकानासमोर, रस्त्याचे दगड उचलले गेले आणि काळ्या पाण्याचा फवारा माणूसभर उंच उडाला.

“फुटला! फुटला!” सगळा उतार एकदम ओरडला. माणसं मागे धावली, म्हातारीची खुर्ची कलंडली, कुणीतरी तिला धरलं. चावीवाल्याच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. त्यानं दांडा उलटा धरला आणि चावी मागे फिरवायला लागला.

मॅडमनी दांड्यावर दोन्ही हात ठेवले. त्यांचं वजन ते किती, तो त्यांच्यासकट फिरवू शकला असता.

“मागे नका फिरवू! मामा, ऐका! सांधा गळतोय, पाइप नाही फुटला. एक मिनिट थांबा. एक मिनिट फक्त.”

“माणसं मरतील!”

“घरांत कोणी नाहीये. तुम्हीच बाहेर काढलीत ना सगळी?”

ते खरं होतं. तो थांबला. दोघं दांडा धरून तसेच उभे राहिले. खाली फवारा काळा होता, मग तपकिरी झाला. उंची थोडी उतरली. दगड उचलले गेले होते तेवढेच, त्याच्या पुढे एकही हलला नाही. रांगेतली चाळीसच्या चाळीस घरं जागच्या जागी उभी होती. पाणी मातकट झालं, मग गढूळ, आणि शेवटी आरपार दिसेल इतकं स्वच्छ होऊन नाल्याकडे वाहायला लागलं.

“हे बघा, पाइपातली घाण बाहेर फेकतंय,” मॅडम म्हणाल्या. “सांधा दुपारी बांधून घेऊ. सोळा पुरा करा.”

सतरा, अठरा, एकोणीस. शेवटचे तीन तर पाना जवळजवळ आपण होऊन फिरला. बाविसाव्या आट्याला खाली ठक्क आवाज झाला आणि चावी थांबली. तिला जितकं उघडायचं होतं, तितकी ती उघडली होती. चावीवाला पान्याला टेकून वाट बघत राहिला. एकतीस वर्षं ज्या धमाक्याची धास्ती बाळगली, तो आता होईल, मग होईल, असं त्याला वाटत राहिलं. काही झालं नाही.

मग शिंपीणबाईंचा आवाज आला. तीनमजली इमारतीत सगळ्यात वर राहणाऱ्या या बाई गर्दीचा डोळा चुकवून घरी सटकल्या होत्या. खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून त्या ओरडत होत्या, “अगं बाई, नळाला पाणी! वरती! आपोआप!”

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही. मग सगळे घरांकडे पळाले. बादल्या, हंडे, टोप, जे हाताला लागेल ते भरायला सुरुवात झाली. भरून झालं तरी पाणी थांबेना, तेव्हा लोकांना हसूच फुटलं. कुणी पायरी धुतली, कुणी पोरांना नळाखाली धरलं. म्हातारी मात्र खुर्चीसकट रस्त्यावरच राहून गेली होती आणि तिथून सगळ्यांना शिव्या घालत होती. चावीवाल्याच्या तोंडावरही हसू आलं. मॅडमकडे बघून त्यानं मान हलवली. वर्षानुवर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं त्याला हलकं वाटलं.

शिंपीणबाई खाली आल्या, ओल्या हातांनी, धापा टाकत. “मामा, कमाल केलीत हो!” म्हणाल्या आणि मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी चेंबरमध्ये डोकावलं. “काय केलंत नक्की? नवीन यंत्र बसवलं का?”

“नाही. चावी पूर्ण उघडली.”

“हीच चावी?”

“हीच.”

“म्हणजे ही आधीपासून उघडत होती?” शिंपीणबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरोखर कळून घ्यायचं होतं. “मग इतकी वर्षं हो, मामा?”

आजूबाजूची चार माणसं उत्तर ऐकायला थांबली. चावीवाल्यानं तोंड उघडलं. पाइप फुटतो, हे त्याचं उत्तर होतं आणि पाइप तर सगळ्यांच्या पायाखाली धडधाकट वाहत होता. शिंपीणबाई थोडा वेळ थांबून पाणी भरायला निघून गेल्या.

रस्त्याच्या कडेच्या दगडावर तो बसला. मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी पिशवीतून एक जाड, कोपरे खाल्लेली नोंदवही काढली.

“नकाशे शोधताना कपाटात मागच्या बाजूला सापडली. काल दाखवणार होते. पण दाखवली असती तर तुम्हाला वाटलं असतं, मी तुमच्या वडिलांना खोटं पाडतेय.”

वही गोऱ्या साहेबांच्या भाषेत होती. ऑफिसचे कागद आजही त्याच भाषेत लिहिले जातात. चावीवाल्याला ती वाचता येत नव्हती, सही करायची जागा तेवढी त्याला ओळखता यायची. मॅडम एकेक ओळ आपल्या भाषेत सांगत गेल्या.

“‘देशी वस्तीची चावी अकरा आट्यांपुढे उघडू नये. तसे केल्यास मोठ्या बंगल्याच्या बागेतील कारंज्याचा दाब कमी होतो.’”

“कशाचा?”

“कारंज्याचा.”

“पुढं?”

“पुढं तुमच्या वडिलांच्या आधीचा चावीवाला आहे. ‘बारा आटे उघडल्याने बागेतील मेजवानी चालू असता कारंजे थांबले. सबब कामावरून काढून टाकले.’ बस्स. पाइप फुटल्याची नोंद नाही. घर पडल्याची नाही. कोणी मेल्याची नाही. मी सगळी वही वाचली.”

ते कारंजं चावीवाल्याला माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी तिथं गाड्या लावायला जागा हवी म्हणून ते फोडलं, तेव्हा राडारोडा उचलायला पाणीखात्याचीच माणसं बोलावली होती. तो त्यांत होता. दगडाचे मासे घमेल्यात घालून त्यानं ट्रकमध्ये टाकले होते आणि संध्याकाळी सगळ्यांना चहा मिळाला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं अकरा आटे उघडले.

“आणि हे,” मॅडमनी पान उलटलं. “‘नवीन चावीवाल्यास वरील हुकूम व त्याचे कारण त्याच्या भाषेत समजावून सांगितले.’ खाली अंगठा आहे.”

शाईचा अंगठा तपकिरी पडला होता. मधोमध एक आडवी रेघ होती. वडिलांच्या उजव्या अंगठ्याला लहानपणी विळा लागला होता, त्याची ती खूण. चावीवाल्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मेलेली आई आणि तिची लेकरं त्यांनी मनानं रचली होती. का, हे कळायला चावीवाल्याला वेळ लागला नाही, कारण तो त्यांचाच मुलगा होता. कारंज्यासाठी गाव तहानलेलं ठेवतो, हे पोटच्या पोराला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि खरं सांगितलं, तर पोराला एखाद्या दिवशी दया येणार, तो बारावा फिरवणार आणि त्याचंही नाव वहीत चढणार. गोरे गेले तरी वडिलांची भीती काही बोटीत बसून गेली नाही. ती त्यांनी पोराच्या पान्यात घालून दिली. चावीवाल्याला वडिलांचा राग आला, मग त्यांची कीव आली, आणि मग सगळ्यात जास्त स्वतःची लाज वाटली. वडिलांना निदान कारण विचारल्याशिवाय मिळालं होतं. आपण तर एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

साडेदहाला मोठ्या साहेबांची गाडी टेकडीवरून उतरली. साहेब पाणीखात्याचे मुख्य, राहायला वरच, तिसऱ्या बंगल्यात. गाडीतून उतरताना त्यांनी वाहत्या पाण्यातून बूट जपून उचलले.

“कोणाच्या हुकुमानं उघडली?”

“माझ्या, सर. लेखी दिलंय मी,” मॅडम उभ्या राहिल्या. “साथीचा अहवाल तुमच्या टेबलावर चार दिवस—”

“तुमच्याशी ऑफिसात बोलतो.” साहेब चावीवाल्याकडे वळले. त्याच्याशी बोलताना त्यांचा सूर सैल झाला, घरच्या माणसाशी बोलावं तसा. “मामा, अकरावर आणा बरं ती.”

पाना हातात धरून चावीवाला उभा राहिला. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचे हात दांड्यावर गेलेही.

“का, साहेब?”

साहेबांना प्रश्न ऐकू आला, पण तो आपल्याला विचारलाय हे ध्यानात यायला त्यांना जरा वेळ लागला.

“का म्हणजे? वर दाब उतरलाय. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाहीये, सकाळपासून फोनवर फोन. नियम आहे तो, मामा. तुम्हाला मी सांगायला पाहिजे?”

“कारंज्याचा नियम आहे, साहेब. कारंजं मीच घमेल्यानं वाहून टाकलंय.”

बादल्या घेतलेली माणसं जवळ सरकली. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“चार महिने राहिलेत ना तुमचे? पेन्शनचे कागद माझ्याकडूनच जायचेत. नीट निवृत्त व्हा ना, मामा. कशाला या वयात?”

चावीवाला शूर माणूस नव्हता, आपण शूर आहोत असं त्याला आताही वाटत नव्हतं. कमरेचा पट्टा बांधून गर्दीत उभी असलेली बायको त्याला दिसत होती आणि त्या कमरेच्या औषधांना ते पेन्शन लागणार, हेही त्याला दिसत होतं. त्यानं पाना चावीवरून उपसला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला.

“माझ्या हातून नाही होणार आता. तुम्हीच फिरवा, साहेब. अकराच आटे आहेत. आता जड जात नाही.”

पाना तसाच मध्ये राहिला. साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हर टायरकडे बघत होता. खालून कुठून तरी पोरांच्या ओरडण्याचा आणि पाणी सांडण्याचा आवाज येत होता.

“उद्या दुसरा माणूस लावतो,” ते म्हणाले. “मॅडम, तुम्ही दोनला माझ्या केबिनमध्ये.”

गाडी वळून वर गेली. लोकांनी तिला वाट करून दिली.

“लावतील माणूस,” मॅडम म्हणाल्या.

“लावतील,” चावीवाला म्हणाला. “आज दिवसभर तर पाइप धुऊन निघेल.”

तो दवाखान्यात पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना चटया होत्या आणि मधून पाऊलभर वाट. नात आतल्या खोलीत शेवटच्या खाटेवर झोपली होती. थोरली तिच्या पायाशी बसून सलाइनच्या थेंबांकडे बघत होती. चौतीस वर्षांची बाई, पण उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. आईची कंबर गेली तेव्हा थोरली सातवीत होती. घरात पाणी भरायला दुसरं कुणी नव्हतं आणि पाण्याची वेळ तीच सकाळच्या शाळेला निघायची वेळ. वर्गात पहिल्या तिनांत असायची. मास्तर दोनदा घरी येऊन गेले, मग यायचे थांबले. धाकटी शिकली, आता शाळेत शिकवते. रांगेतून भांडून आल्यावर थोरली कधीकधी विचारायची, “बाबा, चावी तुमच्या हातात आणि आपल्याच नळाला पाणी नाही, असं कसं?” तो तिला गाडल्या गेलेल्या आईची आणि लेकरांची गोष्ट सांगायचा. तिला रडू यायचं त्या लेकरांसाठी. मग तिनं विचारणं सोडून दिलं.

“उतार आहे म्हणाले डॉक्टर,” थोरली म्हणाली. “सकाळी लघवी झाली. पेज मागितली तिनं.”

“बरं झालं.” तो खाटेच्या कडेला टेकला. “पाणी आलंय गावात.”

“ऐकलं. शिंपीणकाकू फोनवर नाचत होत्या.”

“पाइप फुटला नाही.”

“हं.”

“तो कधी फुटणारच नव्हता,” चावीवाला म्हणाला. एकदा सुरू केल्यावर त्यानं सगळं सांगितलं. कारंजं सांगितलं, मेजवानी सांगितली, वहीतला अंगठा सांगितला. “ती आई आणि ती लेकरं, कुणी नव्हतंच तसं. तुझ्या आजोबांनी रचलं ते. त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. पण मी विचारलं नाही कधी. पाणी होतं, थोरले. पहिल्यापासून होतं. मीच सोडत नव्हतो.”

थोरली ऐकत होती. मुलीच्या हातावरची सलाइनची नळी तिनं सरळ केली. शेजारच्या चटईवर कुणीतरी कण्हत होतं.

“सगळे आटे फिरवायला वेळ किती लागला?” तिनं विचारलं.

“मध्ये थांबलो म्हणून वीसेक मिनिटं. नाहीतर दहा.”

“दहा मिनिटं,” थोरली म्हणाली.

तिनं आरडाओरडा केला असता, चार कडक शब्द ऐकवले असते, तर त्याला सोसलं असतं. त्यासाठीच तो चालत आला होता. पण ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिची नजर समोरच्या भिंतीवर कुठं तरी होती आणि ती काहीतरी आठवत असावी, नाहीतर हिशोब करत असावी. मग ती उठली. पोरीचे घाण झालेले कपडे खाटेखालून ओढून तिनं बादलीत टाकले आणि व्हरांड्याच्या टोकाशी असलेल्या नळाकडे गेली.

चावीवाला तिच्या मागे दारापर्यंत गेला. तिनं नळ उघडला. पाणी इतक्या जोरात आदळलं, की बादली तिरकी झाली आणि तिचा पदर भिजला. थोरली दचकली. तिनं हात पुढे करून नळ मागे फिरवला, आणखी मागे फिरवला, धार दोऱ्याइतकी बारीक होईपर्यंत. मग बादली सरळ केली, धारेखाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून, उजवा खांदा खाली टाकून, ती भरायची वाट बघत उभी राहिली. बादली भरायला बराच वेळ लागणार होता. नळ मोठा कर, असं त्याला तिला सांगता आलं नाही.